फाल्कन मोजायचा कशाने?

पेटी समोर आहे असं धरा. टेबलावर, अगदी तुमच्या पुढ्यात. तिच्यावर एक चपटं, गोलसर, राखाडी यान. पुढे दोन सुळे आलेले आणि एका अंगाला कॉकपिटची नळी. आकडे दोन: ७५१९२ हा सेटचा नंबर आणि ७५४१ ही तुकड्यांची संख्या. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने २०१७ साली 'अल्टिमेट कलेक्टर सिरीज'मध्ये काढलेला हा 'स्टार वॉर्स'मधला मिलेनियम फाल्कन. पेटी एवढी मोठी की कवेत घेऊनच उचलावी लागते. आज ती उचलायची नाही आणि फोडायचीही नाही. तिच्यासमोर नुसतं बसायचं आहे.

मनात पहिला प्रश्न येईल तो ठरलेला आहे: एवढे पैसे द्यावेत का? येऊ द्या. त्याला लगेच उत्तर देऊ नका, थोडा वेळ ताटकळत ठेवा. श्वास सावकाश होऊ द्या. संग्राहकांसाठीच्या सेटचं परीक्षण बहुतेक वेळा गुणांनी संपतं. दहापैकी साडेआठ, नऊ. आपल्याला तिथे पोचण्याची घाई नाही. कशाला गुण द्यायचे, एवढंच आज बघू.

नजर आधी आकड्यावर जाते, म्हणून तो आधी घेऊ. बाजारात आला तेव्हा तुकड्यांच्या संख्येत लेगोचा हा सर्वांत मोठा सेट होता. त्याआधी काही वर्षं तो मान ताजमहालाकडे होता. २००८ सालचा, ५९२२ तुकड्यांचा. आणि ताजमहालाच्या आधी कोण? तर जुना फाल्कनच. २००७ सालचा, नंबर १०१७९, तुकडे ५१९७. शहाजहानचा मकबरा आणि पडद्यावरच्या तस्करांचं जहाज यांच्यात अशी चढाओढ कुणी मुद्दाम लावली नसती.

संग्राहक लगेच भागाकार करतात: किंमत भागिले तुकडे. २००७चा फाल्कन अमेरिकेत ४९९.९९ डॉलरला होता, म्हणजे तुकड्याला दहा सेंटपेक्षा थोडं कमी. २०१७चा ७९९.९९ डॉलरला आला, म्हणजे साडेदहा सेंटच्या आसपास. २०२५ साली आलेला 'स्टार वॉर्स'मधलाच डेथ स्टार, म्हणजे गोळ्यासारखं अवकाशस्थानक, ९०२३ तुकड्यांचा आणि ९९९.९९ डॉलरचा, तुकडा अकरा सेंटला पडला. हिशेब सोपा आहे म्हणूनच त्याच्याकडे संशयाने बघा. डोळे मिटा. एका तळहातावर नखाएवढी गोल चकती ठेवा, दुसऱ्यावर पोस्टकार्डाच्या आकाराची प्लेट. भागाकाराच्या लेखी दोन्ही एकच. फाल्कनच्या पाठीवर अशा चकत्या, जाळ्या, नळ्या शेकड्यांनी आहेत. संख्या वाढवायची असेल तर बारीक तुकडे घालावेत, हे कंपनीलाही कळतं. ७५१९२ मध्ये बारीक तुकडे कारणाने आले आहेत, ते कारण पुढे बघू. पण नुसत्या संख्येवरून ते कळत नाही.

भारतात या भागाकाराला आणखी एक पदर आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यामुळे परदेशी परीक्षण वाचून 'पैसे वसूल' हा निकाल इथे जसाच्या तसा घेता येत नाही. काहीजण न्यू जर्सीच्या किंवा दुबईच्या नातेवाइकाच्या बॅगेतून सेट मागवतात. पेटी बॅगेत मावत नाही, मग आतल्या पिशव्या कपड्यांच्या घड्यांमध्ये भरून येतात आणि पेटी तिकडेच राहते. संग्राहकाला पेटीशिवायचा सेट अर्धवट वाटतो. तुम्हाला वाटतो का, हे आताच स्वतःला विचारून ठेवा. पुढे लागेल.

आता आकडे सोडा.

घरात कुठे सुटा ठोकळा असेल तर हातात घ्या, नसेल तर मनात घ्या. दोन बाय चारचा, लाल, वर आठ स्टड. अंगठा स्टडवरून हलकेच फिरवा. प्रत्येक स्टडवर कंपनीचं नाव उठावदार आहे, बोटाला लागेल इतकं. दोन शेजारच्या स्टडच्या मध्यांत अंतर आठ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. प्लेट म्हणतात ती पातळ पट्टी ३.२ मिलिमीटरची, तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. आणि पाच प्लेटची उंची होते १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन स्टडची रुंदी. इथे थांबा. हे पुन्हा मनात फिरवा: पाच उभ्या, दोन आडवे, माप एकच. या मेळामुळेच ठोकळा कुशीवर वळवून, त्याचे स्टड बाजूला करून बसवता येतो आणि तरीही शेजारच्याशी फट राहत नाही. सेटमध्ये तिरक्या कडा आणि गुळगुळीत बाजू दिसतात, त्यांतल्या कितीतरी या एका मेळाच्या आधाराने उभ्या असतात.

ठोकळा उलटा करा. आत तीन पोकळ नळ्या. १९४९ पासून कंपनी प्लॅस्टिकचे ठोकळे करत होती, पण ते आतून रिकामे. एकावर एक बसत, धरून मात्र ठेवत नसत. आतल्या नळ्यांची युक्ती कंपनीच्या मूळ गावी, बिलुंडला सापडली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव गॉटफ्रेड कर्क क्रिस्टियनसेन यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६३ पासून ठोकळ्यांसाठी एबीएस नावाचं टणक, चकचकीत प्लॅस्टिक आलं. त्या काळातला ठोकळा आज या पेटीतल्या तुकड्यावर बसवा, तो बसतो.

दोन ठोकळे एकमेकांवर दाबा. टक्. मग सोडवा. दाबताना बोटांना किती जोर लागला? सोडवताना किती? पाच वर्षांच्या मुलीच्या हातून निघाला पाहिजे आणि तिने रचलेला मनोरा पडताही कामा नये, इतकीच पकड हवी. कमी झाली तर सगळं डगमगतं, जास्त झाली तर नखं तुटतात. साच्यातली चूक मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते ती यासाठी. कुठल्याही कंपनीच्या ठोकळ्यांचं परीक्षण खरं तर इथे सुरू व्हायला हवं. डोळ्यांना फसवता येतं, बोटांना फार वेळ नाही.

तोच ठोकळा अजून हातात असू द्या. असे एकाच रंगाचे सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतील? कंपनी बरीच वर्षं दहा कोटींच्या थोडा वरचा आकडा सांगत असे. त्यात फक्त सहा मजली रचना धरलेल्या होत्या. कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या मदतीने सगळ्याच रचना मोजल्या. उत्तर आलं ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहाच ठोकळे. पेटीत ७५४१ आहेत आणि सोबतचं जाडजूड पुस्तक त्यांची एकच रचना सांगतं.

ही तक्रार तुम्ही ऐकली असेल: संग्राहकांचे सेट म्हणजे खेळाचा शेवट, कल्पनेला जागाच नाही. मला ती पटत नाही, पण झटकूनही टाकवत नाही. तिच्यासोबत जरा बसा. ज्याला स्वतःचं काही रचायचं आहे त्याने हा सेट घेऊच नये, हे खरं. इथे आपण दुसऱ्याच्या विचारामागून बोटांनी चालत जातो. एका माणसाला वक्र पृष्ठभाग चौकोनी तुकड्यांतून काढायचा होता. त्याने काय केलं, कुठे अडला, कुठून वळला, हे पानामागून पान आपल्या हातांना कळत जातं. बंदिशीत भर घालायच्या आधी ती जशी शिकवली तशी घोटावी लागते, तशातलंच काहीसं. मूळ विचार चांगला असेल तर या चालण्यात आनंद आहे, नसेल तर नुसती हमाली.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तो सावकाश घ्या.

हा सेट हुबेहूब आहे का? प्रत्येक परीक्षणात हे विचारलेलं असतं. तुम्ही उलटा प्रश्न विचारा: हुबेहूब कशाच्या? ताजमहालाच्या सेटबद्दल हे विचारता येतं, कारण आग्र्याला जाऊन बघता येतं. फाल्कन बघायला कुठे जाणार?

पडद्यावरचं यान डोळ्यांसमोर आणा. १९७७चा पहिला चित्रपट. सुरुवातीला कलाकारांनी फाल्कन लांबट, मागे इंजिनांचा गठ्ठा असलेला असा आखला होता आणि त्याचं मॉडेलही झालं होतं. तेवढ्यात 'स्पेस: १९९९' ही ब्रिटिश मालिका आली आणि तिच्यातलं यान फारच तसं निघालं. दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांना दुसरं काहीतरी हवं झालं. कलाकार जो जॉन्स्टन यांनी थाळीसारखा नवा आकार काढला. जुनं लांबट मॉडेल वाया गेलं नाही. बदल करून ते चित्रपटाच्या सुरुवातीला पाठलाग होणारं राजकन्या लेयाचं जहाज झालं. जुन्या आराखड्यातलं कॉकपिट मात्र नव्या थाळीच्या एका कडेला लावलं गेलं. ते असं तिरपागडं का, याची चाहत्यांनी पुढे कितीतरी कारणं रचली.

मॉडेल बनवणाऱ्यांनी त्या थाळीवर पुढे काय केलं ते बघा. दुकानातून प्लॅस्टिकच्या मॉडेलांचे संच आणले, रणगाड्यांचे, मोटारींचे, जहाजांचे. त्यांतली चाकं, झडपा, इंजिनांचे तुकडे सुटे करून यानाच्या अंगावर चिकटवले, वरून एकच राखाडी रंग मारला आणि काजळी फासली. या बारीक जंजाळाला तिथल्या कारागिरांत ग्रीबल म्हणतात. यानाचा जुनाटपणा, हजार वेळा दुरुस्त झाल्यासारखं त्याचं रूप, हे सगळं या उचलेगिरीतून आलं. कुठल्या नळीचं काम काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

म्हणजे मूळ फाल्कनच मुळात खेळण्यांच्या तुकड्यांतून उभा राहिला. हे मनात मुरू द्या.

मग यानाचं पूर्ण आकाराचं रूप तरी होतं का? पहिल्या चित्रपटासाठी लंडनजवळ एल्स्ट्रीच्या स्टुडिओत त्याचा एक भागच बांधला होता. दुसऱ्या चित्रपटासाठी १९७९ मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉक इथे पूर्ण बांधणी झाली, तेव्हा पायांची संख्या वाढवलेली होती. आतल्या खोल्यांचे सेट वेगळे, आणि ते बाहेरच्या कवचात मावत नाहीत हे चाहत्यांनी नकाशे काढून दाखवलेलं आहे. यानाची लांबी एके काळी संदर्भ-पुस्तकांत २७ मीटरच्या आत होती, पुढे ती सुमारे ३५ मीटर झाली. खरं माप कुठलं? कुठलंच नाही.

आणि चित्रीकरणाची मॉडेलं? पहिलं सुमारे पाच फुटांचं. ते हलवायला अवघड म्हणून १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'साठी एक लहान केलं. त्याची लांबी ३२ इंच, म्हणजे ८१ सेंटिमीटर. पडद्यावर लघुग्रहांमधून गिरक्या घेत गेलेलं यान त्या मापाचं.

समोरच्या पेटीतला फाल्कन बांधून झाला की ८४ सेंटिमीटर भरतो.

आपण समजतो की हे एका प्रचंड यानाचं छोटं रूप. प्रत्यक्षात ज्या वस्तूसमोर कॅमेरा होता, तिच्या जवळपास बरोबरीची ही वस्तू आहे. तीही प्लॅस्टिकच्या तुकड्यांची, हीही. सेटच्या पाठीवर दुसऱ्याच कामासाठी बनलेले तुकडे, एखादी तोटी, एखादं हँडल, एखादी जाळी, यंत्र म्हणून खपून जातात; तिकडे रणगाड्याचे भाग खपून गेले होते. बारीक तुकड्यांची संख्या का वाढली, त्याचं कारण हे. लेगोच्या दुसऱ्या कितीतरी सेटमध्ये असे तुकडे उगाच भरल्यासारखे वाटतात. इथे ते जागच्या जागी आहेत, कारण मूळ वस्तूच्या घडणीची रीत आणि सेटची रीत एकच आहे. या सेटबद्दल मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट, आणि दहापैकी गुणांत ती कुठेच मोजली जात नाही.

निव्वळ साम्य हवं असेल तर दुसरी वाट आहे. जपानच्या बांदाई कंपनीचं १/७२ मापाचं मॉडेल, तेही २०१७चंच, पाच फुटी मॉडेलच्या एकेक खाचेचा मागोवा घेतं. ते शेजारी ठेवलं तर लेगोचा फाल्कन खडबडीत दिसेल, स्टड दिसतील. त्यात नवल नाही, आणि ज्याला ते स्टड खुपतात त्याने तिकडेच जावं.

मापाची एक गंमत राहिली. ३५ मीटर आणि ८४ सेंटिमीटर यांचं प्रमाण साधारण ४२ पट. लेगोची माणसाची बाहुली चार सेंटिमीटर उंच. ४२ पट केली की साडेपाच फुटांच्या आसपास येते. छान जमलं! पण तिच्या पायांची रुंदी दोन स्टड, १६ मिलिमीटर. ४२ पट केली की यानाचा कप्तान हान सोलो याची कंबर दोन फुटांहून रुंद. डोकं तर विचारूच नका. बाहुल्यांसाठी कॉकपिटमध्ये चार जागा आहेत आणि आतल्या दालनात बुद्धिबळासारख्या त्या खेळाचं गोल टेबलही आहे. २००७च्या सेटमध्ये आतलं दालन असं नव्हतंच. संग्राहकांत यावर वाद होतात. प्रदर्शनाच्या वस्तूला आतली खोली कशाला? मला ती आवडते. झाकणं उचलून आत बघावंसं वाटणं ही या वस्तूची गरज आहे, कारण ती अजून खेळण्याच्या घराण्यातली आहे.

आणखी एक निवड सेट तुमच्यावर सोपवतो. रडारच्या दोन थाळ्या येतात, एक गोल, एक आयताकृती. १९८३च्या चित्रपटात डेथ स्टारच्या आतून जाताना गोल थाळी तुटते. २०१५च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये यान परत येतं ते आयताकृती थाळी लावून. बाहुल्याही दोन पिढ्यांच्या: तरुण हान, लेया, चुबाका, आणि म्हातारा हान, रे, फिन. एका वेळी एकच थाळी लावता येते. तुम्ही कुठली लावाल? उत्तर पटकन आलं असेल तर ते कुठून आलं ते बघा. बहुधा तुम्ही हा चित्रपट कुठल्या वयात पाहिला त्यावरून. हुबेहूबपणाची सगळी चर्चा शेवटी इथे येऊन टेकते: आपण सेटची तुलना आपल्या आठवणीशी करत असतो.

आता मनातल्या मनात पेटी उघडा. पिशव्यांवर क्रमांक आहेत. पहिल्या पिशव्यांतून यान निघत नाही. निघतो टेक्निक तुळयांचा सांगाडा, भोकं असलेल्या दांड्या आणि त्यांत अडकवलेल्या खिळ्या. हे सगळं पुढे झाकलं जाणार. काही तुकडे भडक रंगांचे, बाहेर कधीच न दिसणारे. बांधणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून. सांगाड्याचा भाग हातात घेऊन पिळून बघतो आहोत अशी कल्पना करा. वाकतो का? एवढं वजन वर्षानुवर्षं पायांवर उभं राहायचं असेल तर परीक्षा इथेच आहे. ७५१९२ इथे पक्का उतरतो.

मग कंटाळा येतो. तो येणारच, यानाची डावी बाजू झाली की उजवी, एक पत्रा झाला की त्याचं आरशातलं जुळं. अशा वेळी कंटाळ्याकडे नीट बघा. काही कंटाळा रिकामा असतो: त्याच चार तुकड्यांची पट्टी विसाव्यांदा. काहीत विसावा असतो: हात चालू आहेत, मन मोकळं आहे, बाहेर पाऊस पडतोय. या सेटमध्ये दोन्ही आहेत आणि पहिला प्रकार परीक्षणांत सांगतात त्याहून जास्त आहे. सगळं एका सुट्टीत उरकणाऱ्याला तो जास्त टोचेल. एका बैठकीला एक पिशवी, अशा चालीने जाणाऱ्याला कमी.

दोष चटकन सांगून टाकतो. पाठीवरचे काही पत्रे नुसते टेकवलेले आहेत. उचलताना चुकीच्या जागी हात पडला तर निखळतात, आणि त्यांच्यातल्या फटी जवळून दिसतात. माहितीची पाटी मोठ्या स्टिकरची आहे. तो तिरका लागला की कायमचा तिरका. एवढ्या किमतीत ती छापील हवी होती, आणि हे म्हणायला संग्राहक असायची गरज नाही. एबीएस उन्हात पिवळं पडतं, तेव्हा खिडकीसमोर ठेवू नये. काही वर्षांतले लालसर तपकिरी तुकडे ठिसूळ निघाले हे जुने संग्राहक जाणतात. लेगोने २००४च्या सुमारास राखाडी रंगाची छटा बदलली, त्यामुळे त्याआधीच्या सेटमध्ये आजचे राखाडी तुकडे घातले तर ठिगळ दिसतं. हे दोन्ही फाल्कन बदलानंतरचे असल्याने त्यांना ती अडचण नाही. धूळ मात्र आहे. ग्रीबलांच्या जंजाळात बसलेली धूळ फडक्याने निघत नाही, मऊ ब्रश लागतो, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ती चिकटून बसते.

पुन्हा बंद पेटीकडे या. नावाकडे बघा. हे नाव उसनं आहे.

परवाना घेऊन लेगोने 'स्टार वॉर्स'चे पहिले सेट काढले १९९९ मध्ये. लढाईची आधुनिक खेळणी करायची नाहीत हे या कंपनीचं जुनं धोरण, आणि इथे तर नावातच युद्ध. कंपनीतल्या अनेकांचा विरोध होता असं सांगतात. सेट धडाक्यात खपले. मग चित्रपट नसलेल्या वर्षांत खप खाली आला आणि २००३-०४ मध्ये कंपनी बुडायच्या बेतात गेली. त्याची कारणं आणखीही होती. ती सावरली आणि उसन्या नावांचे सेट तिच्या धंद्याचा कणा होऊन बसले. २०१२ मध्ये डिस्नेने 'स्टार वॉर्स' बनवणारी ल्यूकसफिल्म चार अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकत घेतली. तुमच्या समोरच्या पेटीच्या किमतीत त्या नावाचंही मोल आहे.

आता एक करून बघा. पेटीवरचं नाव मनाने पुसून टाका. चित्रपट कधी आलाच नव्हता असं समजा. उरलेली राखाडी थाळी तुम्हाला हवीशी वाटते का? माझं उत्तर: सांगाडा आणि पृष्ठभागाची कारागिरी यांच्यासाठी हो, पण निम्म्या किमतीत. तुमचं उत्तर वेगळं असेल. उरलेली निम्मी किंमत आपण आपल्याच आठवणीसाठी मोजतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त कुठल्या खात्यावर किती गेले ते माहीत असावं.

शेवटी ती न फोडण्याची गोष्ट. २००७चा फाल्कन बाजारातून गेल्यावर त्याच्या सीलबंद पेट्यांची किंमत हजारो डॉलरवर गेली. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या २३२२ सेटच्या किमती तपासल्या आणि सरासरी परतावा वर्षाला किमान ११ टक्के आढळल्याचं सांगितलं. अशा आकड्यांमुळे बंद पेटी ही गुंतवणूक झाली. त्या सरासरीच्या पोटात मोठं नुकसान झालेले सेटही आहेत, आणि माळ्यावरच्या जागेचं भाडं कुणी धरत नाही. शिवाय भाव कुणाच्या हातात आहे ते बघा. २०१७ मध्ये ७५१९२ आला आणि जुन्या फाल्कनचे भाव उतरले. त्याच वर्षी ताजमहालही नव्या नंबराने पुन्हा काढला. जुन्या पेट्या जपून बसलेल्यांचं तेच झालं. बिलुंडमधल्या एका निर्णयाने तुमचा माळा स्वस्त होतो.

कपाटात वर्षानुवर्षं घडी न मोडलेली पैठणी असते. तिचा पोत, तिचा पदर, चालताना ती कशी पडते, यातलं काही तिच्या मालकिणीला ठाऊक नसतं. ठाऊक असते ती खरेदीची किंमत. बंद पेटीचं परीक्षण तेवढंच होऊ शकतं. टक् करून बसणारी पकड, पिळून न वाकणारा सांगाडा, रिकामा आणि भरलेला कंटाळा, थाळ्यांपैकी एकीची निवड, यांतलं काहीही पेटीच्या बाहेरून कळत नाही.

तेव्हा निकाल असा. ७५१९२ हा मला आजवरच्या उसन्या नावांच्या सेटमध्ये सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो ज्या वस्तूवरून बनला तिच्याच रीतीने बनला आहे. पुढे आलेल्या, त्याहून जास्त तुकड्यांच्या डेथ स्टारला मी ते म्हणणार नाही. गोळ्याची एक जाड चकती कापून त्यात दालनं मांडली आहेत, आणि ती मांडणी समोरून बघायचीच आहे. फाल्कनसाठी घरात ८४ गुणिले ५६ सेंटिमीटरची, उन्हापासून दूरची जागा आधी मोजा. ती नसेल तर घेऊ नका. गुंतवणूक म्हणून तर अजिबात घेऊ नका. आणि कुणी आपला बांधलेला, धूळ बसलेला, चार तुकडे हरवलेला फाल्कन पेटीशिवाय स्वस्तात काढत असेल, तर नव्या पेटीच्या आधी त्याला फोन करा. हरवलेले तुकडे ब्रिकलिंक या संकेतस्थळावर सुटे मिळतात.